अधिक

विट्यात, मायणी रस्त्याला, यंत्रमागांच्या ओळीसमोर
माझं दुकान. दोन खुर्च्या, एक आरसा,
आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेला एक फोन नंबर.
आधी तिथं दरपत्रक होतं.

महादू कांडीवाला, डावा कल्ला जरा लांब ठेवणारा,
एका बुधवारी आला, सगळी उधारी मिटवून गेला.
तीनशे वीस.
मी नोटा कपाळाला लावल्या,
म्हटलं, दिवस बरा उगवला.
शनिवारी त्याच्या ओळीतले माग बंद होते.
समोर इतकी शांतता
की कात्रीचा आवाज मलाच मोठा वाटला.

मग शबाना मुलाणी, आमच्या वॉर्डाच्या आशाताई,
त्यांनी तालमीत बैठक लावली.
निरोप साठ जणांना. आलो अकरा.
भिशीतल्या चौघी, मेडिकलचा पोरगा, पोस्टमन घोरपडे,
चहावाला बाळकू किटली घेऊनच.
तांबड्या मातीच्या कडेला सतरंजी,
आणि डॉक्टरीणबाई सांगत होत्या:
सरळ विचारा. शब्द गिळू नका.
विचारल्यानं ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही,
शिरलेलं असतं त्याला दार मिळतं.

बाळकू म्हणाला, मला नाही बा जमायचं.
मीही तेच म्हणत होतो, मनात.
तीस वर्षं गिऱ्हाइकाला मी विचारलं काय,
तर मिशी ठेवायची का.

श्रावणात अधिक आला. अधिकराव शिंगाडे.
बावीस वर्षं कोइमतूरला गलाईत,
दुसऱ्याचं सोनं आटवून आटवून डोळे तांबारलेले.
दुकान बुडालं, तसा गावी आला.
कटिंग झाली. त्यानं पाकीट काढलं.
"मागचं किती हाय? आजच घे सगळं."

सगळं.
कंगवा धरलेली बोटं जागीच थांबली.

खुर्चीतला माणूस पुढं बघतो, मी मागं उभा,
आमचं बोलणं होतं ते आरशात.
म्हणून असेल, नाहीतर नंबरावर नजर गेली म्हणून,
विचारलं. घसा कोरडा, वाक्य वाकडं:
"अधिकराव, जीव द्यायचं मनात येतंय का?"

बाहेर माग खटखट, खटखट.
तो हसला नाही. चिडलाही नाही.
अंगावरचं कापड तसंच,
त्यावर त्याचेच केस, अर्धे पांढरे.
"येतंय," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, "नावातच हाय की माझ्या.
घरात काय, बाजारात काय, मी जास्तीचाच."

तालमीत शिकलेलं तेवढ्यात सगळं विसरलं.
मी आपलं बोलून गेलो,
आमचा बा म्हणायचा, अधिक महिना घातला नाही
तर दिवाळी मागं मागं सरकत
एक दिवस भर पावसात यायची,
पणत्या लावायच्या कुठं?
त्यानं आरशात माझ्याकडं पाहिलं. बोलला नाही काही.

पैसे घेतले नाहीत मी.
म्हटलं, उधारी राहू दे, बुधवारी बघू.
शटर अर्धं ओढलं.
ज्याला जमायचं नव्हतं तो बाळकू
दोन चहा घेऊन आला आणि उठलाच नाही.
शबानाताईंनी फोन लावले, भावाला, डॉक्टरीणबाईंना.
रात्री घोरपडे त्याच्या ओसरीवर झोपायला,
टॉर्च आणि भाजक्या शेंगा घेऊन.
दुसऱ्या दिवशी सांगलीच्या गाडीत
भाऊ एका बाजूला, मी दुसऱ्या,
मधे अधिक, खिडकीबाहेर न बघणारा.

बरा झाला असं मी म्हणत नाही.
गोळ्या चालू आहेत. भिशीतल्या बायका
त्याच्या बायकोला शुक्रवारी बळंच ओढून नेतात.
काही बुधवारी तो येतो,
काही बुधवारी मीच डबी-कात्री घेऊन
त्याच्या अंगणात.

वहीत महादूच्या नावावर रेघ आहे.
ते पान मी फाडलं नाही.
त्याच्याच खाली अधिकचं खातं चालतं,
आज सहाशे चाळीस बाकी.
वाढतंय. वाढू दे.